लाल ज्वारीची भाकरी

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण मराठवाड्यात लहानथोरांना ठाऊक आहे. निजामी राजवटीतील दखनी भाषेचे वळण तिच्यावर स्पष्ट दिसते. तिचे अर्थ निरनिराळे लावले जातात. पण जुनी माणसे जो अर्थ अभिमानाने सांगतात तो असा की, दुसरीकडे कुठे जमले नाही तर परभणीला यावे, येथे पोटाला कमी पडत नाही. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यातील काळी जमीन, त्या जमिनीतील ज्वारी, तूर आणि कापूस, घराघरांतील धान्याची पेवे आणि बळदे या साऱ्यांचा आधार त्या अर्थामागे आहे. म्हण म्हणजे एका परीने अन्नाचीच गोष्ट, आणि ती एका ओळीत मावलेली.

याच परभणीतील त्याच वडीलधाऱ्या माणसांपाशी दुसरीही एक गोष्ट असते. ती सांगताना आवाज उतरतो, किंवा मग ती थट्टेवारी नेली जाते. ती गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाची. आज ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे, ते त्या वर्षी ऐन उमेदीत होते. कुणी नुकती लग्न होऊन सासरी आलेली, कुणी शाळा सोडून खडी फोडायला गेलेला. या पिढीच्या तोंडी 'मिलो' आणि 'सुकडी' हे दोन शब्द अद्याप जिवंत आहेत. त्यांच्या नातवंडांना ते समजावून सांगावे लागतात, आणि पणतवंडांना ते ऐकायला तरी मिळतील की नाही, याविषयी आम्हांला शंका वाटते. या दोन शब्दांचा माग काढताना आम्ही परभणीहून फार दूर, आधी कोरियात आणि मग उत्तर अमेरिकेतील आदिवासींच्या मुलखात जाऊन पोहोचलो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रवासाचा वृत्तान्त होय.

प्रथम मिलो. परभणीच्या आजीबाई जी गोष्ट सांगतात तिचा सांगाडा बहुतेक घरांत सारखाच आहे. पाऊस लागोपाठ वर्षे रुसला. कणगीचा तळ दिसू लागला. मग रेशनच्या दुकानात लाल रंगाची ज्वारी आली. तिचे पीठ चिकट होत नसे. भाकरी थापताना कडेने चिरा पडत, तव्यावर टाकताना ती तुटे, आणि खाताना घशाखाली उतरत नसे. पोरे रडत. 'अमेरिकेत ही डुकरं खातात,' असे कुणीतरी सांगितले होते, आणि ते ऐकल्यावर तर घास अधिकच फिरे. तरीही ती खाल्ली. दुसरे होते काय?

सुकडीची गोष्ट जरा निराळी. दुष्काळी कामावर, म्हणजे रस्ता, पाझर तलाव, नालाबांध किंवा खडीकेंद्र यांपैकी कुठेतरी, मजुरांना भाजलेल्या पिठाची गोडसर कोरडी भुकटी वाटली जाई. ती सुकडी. कित्येक बायका ती स्वतः न खाता पदराच्या टोकाला बांधून घरी लेकरांसाठी आणीत. मोजून दिलेल्या पसाभर सुकडीची चव सांगताना म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर जे हसू येते, ते आनंदाचे की लाजेचे, हे ठरविणे कठीण जाते.

आता इतिहासाच्या अंगाने या गोष्टी तपासून पाहू. महाराष्ट्रात १९७० पासून पावसाने सलग दगा दिला आणि १९७२–७३ मध्ये त्याचा कळस झाला. मे १९७३ च्या सुमारास राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. याच अनुभवातून रोजगार हमी योजना वाढली, वि. स. पागे यांनी तिचा आग्रह धरला, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ मध्ये संपूर्ण देशासाठी जो रोजगार हमी कायदा झाला त्याचे मूळ येथे आहे. आणखी एक योगायोग नोंदवला पाहिजे. परभणीचे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले तेही मे १९७२ मध्ये, म्हणजे नेमक्या याच दुष्काळाच्या तोंडावर. ज्या गावाला शेतीचे विद्यापीठ मिळाले, त्याच गावच्या बाया त्या वर्षी परदेशी ज्वारीची तुटकी भाकरी थापत होत्या.

'अमेरिकेची ज्वारी' ही आठवण खरी आहे, पण तिच्यात दोन काळ एकमेकांत मिसळून गेलेले असतात. अमेरिकेने १९५४ मध्ये जो कायदा करून आपले शिलकी धान्य सवलतीने परदेशांस द्यायला सुरुवात केली, तो 'पी. एल. ४८०' या नावाने आपल्याकडे प्रसिद्ध झाला. भारताचा पहिला करार १९५६ चा. १९६५ ते ६७ च्या टंचाईत अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी धान्याची जहाजे एकदम न सोडता थोडी थोडी सोडण्याचे धोरण ठेवले आणि भारताला दर महिन्याला अमेरिकेच्या तोंडाकडे पाहावे लागले. मिलो तेव्हाही आला होता. ही सवलतीची आयात १९७१ च्या अखेरीस थांबली. त्यामुळे १९७२–७३ मध्ये परदेशांतून जे धान्य आले ते प्रामुख्याने व्यापारी खरेदीचे होते. म्हातारी माणसे मात्र या साऱ्याला एकच नाव देतात, आणि सोबत 'काँग्रेस गवतही याच धान्यातून आले' असे सांगून टाकतात. ते गवत पुण्यात १९५० च्या दशकातच नोंदले गेले होते; म्हणजे बहात्तरच्या मिलोवर तो आळ घालता येत नाही.

मग या आठवणी चुकीच्या म्हणून बाजूला ठेवाव्यात काय? आम्हांला तसे वाटत नाही. सनावळीत त्या चुकतात. पण परक्याचे धान्य येते तेव्हा त्याच्याबरोबर न मागितलेलेही काही येते, ही गोष्ट त्यांनी अचूक पकडलेली असते. सरकारी अहवालात टनांचे आकडे असतात. भाकरी तव्यावर तुटली की पोरे आईकडे कशी पाहत, ते त्यात नसते. इतिहासाला दोन्ही लागतात.

येथून आम्ही कोरियाकडे वळतो. आपल्याकडे कोरिया म्हटले की आज मोटारी, दूरदर्शन संच, मालिका आणि गाणी आठवतात. तेथील आजी-आजोबांच्या गोष्टी मात्र परभणीच्या ओट्यावर बसून ऐकाव्यात इतक्या ओळखीच्या आहेत. त्यांच्या भाषेत 'बोरित्‌गोगे' असा एक शब्द आहे. शब्दशः अर्थ 'सातूची खिंड'. हिवाळ्यासाठी साठविलेला तांदूळ संपलेला आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकणारा सातू अद्याप हिरवा, या दोहोंमधील वसंतातील जे आठवडे, ते एखादी चढणीची खिंड ओलांडावी तसे ओलांडायचे. त्या दिवसांत माणसे रानातील कंदमुळे, पाला, झाडाची अंतर्साल खाऊन राहत. आपल्याकडे हीच खिंड आषाढ-श्रावणात येते. पेरणीला बियाणे गेलेले, मूग-उडीद शेतात, ज्वारी अजून पोटरीतही नाही. अशा वेळी तरोटा, कुर्डू, घोळ, पाथरी, तांदुळजा या रानभाज्यांवर आणि कण्यांवर दिवस काढले जात. शहरात आज या भाज्यांचे महोत्सव भरतात. जुन्या बाईच्या लेखी त्या भाज्या नव्हत्या. ते दिवस होते.

साम्य येथेच संपत नाही. कोरिया १९१० पासून १९४५ पर्यंत जपानच्या ताब्यात होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी सरकारने शेतकऱ्यांकडून सक्तीने तांदूळ वसूल केला. त्या वसुलीला 'गोंगचुल' म्हणतात. तांदूळ पिकविणाऱ्यांच्या वाट्याला मंचुरियातून आणलेले भरड धान्य आणि तेल गाळून उरलेली सोयाबीनची पेंड आली. नेमक्या याच वर्षांत हैदराबाद संस्थानात शेतकऱ्यांवर सक्तीची लेव्ही बसली होती. परभणी हा तेव्हा त्या संस्थानातील जिल्हा. ऐंशी-नव्वदीच्या माणसांनी आपल्या आईबापांकडून ऐकलेल्या लेव्हीच्या गोष्टी, पेवावर कडबा रचून धान्य लपविल्याच्या गोष्टी, अजून अधूनमधून ऐकू येतात. येथे जे 'लेव्ही', ते तेथे 'गोंगचुल'. दोन्ही ठिकाणी पिकविणाऱ्याचे चांगले धान्य गेले, आणि पुढे केव्हातरी जनावरांच्या तोंडचे खाद्य माणसांच्या ताटात आले: तेथे पेंड, येथे मिलो.

१९५० ते ५३ च्या युद्धाने कोरिया होरपळून निघाला. त्यानंतर तेथेही अमेरिकेच्या त्याच कायद्याखालील धान्य आले, मुख्यतः गहू. भात खाणाऱ्या लोकांनी त्या पिठाचे काय करावे? कोरियन बायांनी ते मळून, त्याचे तुकडे तोडून उकळत्या रश्शात सोडले. 'सुजेबी' हा प्रकार पूर्वी होता, पण तो घरोघरचा झाला या पिठामुळे. आपल्याकडील वरणफळे ज्याने खाल्ली आहेत त्याला सुजेबी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. अमेरिकन लष्करी तळांतून बाहेर पडणारे डबाबंद मांस किमचीबरोबर उकळून जे कालवण झाले, त्याला 'बुदे-चिगे', म्हणजे 'फौजी तळाचे कालवण', असे नाव मिळाले. आज ते हौसेने खाल्ले जाते. ज्यांनी ते पहिल्यांदा खाल्ले त्यांच्यापैकी काहीजण त्याकडे पाहूही इच्छीत नाहीत.

पुढे १९६० आणि ७० च्या दशकांत दक्षिण कोरियातील पार्क चुंग-ही यांच्या सरकारने तांदूळ वाचविण्याची मोहीम काढली. शाळेत मुलांचे डबे उघडून भातात सातू मिसळला आहे की नाही, हे शिक्षक तपासत. खानावळींना ठरावीक दिवशी तांदूळ विकण्यास मनाई होती. १९७० च्या दशकारंभी 'तोंगिल' नावाचा भरघोस उत्पन्न देणारा भात सरकारने शेतकऱ्यांच्या गळी उतरविला. तोंगिल म्हणजे एकीकरण. पीक वाढले, देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. पण त्या भाताला चव नव्हती, हे सांगायला तेथील म्हातारी माणसे आजही चुकत नाहीत. हे वाचताना आम्हांला 'हायब्रीड' आठवले. भारतातील ज्वारीचा पहिला संकरित वाण १९६४ मध्ये आला. मराठवाड्यात त्या पिकाला दुसरे नावच उरले नाही. 'हायब्रीड पेरले', 'हायब्रीडची भाकरी' असेच लोक म्हणत. तिने पोट भरले आणि तिची निंदाही भरपूर झाली. पोट भरणे आणि चव लागणे या दोन वेगळ्या हकिकती आहेत, आणि सरकारी यशोगाथेत बहुधा पहिलीच लिहिली जाते.

रंगाची एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. कोरियातही ज्वारी पिकते. तिला 'सुसू' म्हणतात आणि ती लालसर असते. लहान मुलांच्या वाढदिवसाला सुसूच्या पिठाचे, वर लाल चवळीसारख्या दाण्यांचा भुगा लावलेले लाडूवजा गोळे करण्याची तेथे रीत आहे. लाल रंगाने इडापिडा टळते, अशी समजूत. परभणीत ज्या लाल ज्वारीने आईला पोरासमोर खाली पाहायला लावले, तिच्याच जातभाईने कोरियात पोराची दृष्ट काढली जाते. दाणा तोच, तो कोणी पिकविला, कोणी दिला आणि कोणत्या वेळी दिला, यावर त्याचा अर्थ ठरतो. ज्वारी ही आपली मूळची, असे आपण समजतो. ती देखील हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतूनच येथे आली. पण ती पाहुणी म्हणून आली आणि घरची झाली. मिलो आला तो रेशनच्या रांगेतून.

तिसरी गोष्ट उत्तर अमेरिकेतील. ज्यांना जग नवाहो म्हणते आणि जे स्वतःला 'दिने' म्हणवितात, त्या लोकांची मक्याची शेते आणि पीचच्या बागा अमेरिकन सैन्याने उद्ध्वस्त केल्या आणि १८६४ मध्ये त्यांना शेकडो मैल पायी चालवीत बॉस्क रेदोंदो येथील छावणीत नेऊन ठेवले. तेथे शिधा म्हणून मिळाला तो गव्हाचा मैदा, चरबी, साखर, कॉफीच्या बिया. या वस्तू त्यांच्या स्वयंपाकात कधी नव्हत्याच. घेवड्यासारख्या समजून कॉफीच्या बिया शिजवल्याच्या आणि त्या खाऊन आजारी पडल्याच्या गोष्टी त्यांच्या घराण्यांतून सांगितल्या जातात. त्या मैद्याचा गोळा थापून चरबीत तळला, त्यातून 'तळलेली भाकर' जन्मली. १८६८ मध्ये करार होऊन ते आपल्या मुलखात परतले. भाकर त्यांच्याबरोबर आली आणि राहिली.

आज ती भाकर अमेरिकेतील अनेक आदिवासी समाजांच्या मेळ्यांतून ओळखीची खूण म्हणून मिरवते. साउथ डकोटा राज्याने २००५ मध्ये तिला राज्याच्या भाकरीचा मानही दिला. त्याच वर्षी सुझन शोन हार्जो या आदिवासी लेखिकेने तिच्यावर कडक टीका केली. ज्या अन्नाने आपल्या लोकांची प्रकृती बिघडवली, ते आपली परंपरा कसे, असा तिचा प्रश्न होता. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, आमच्या पणज्यांनी विषासारख्या शिध्यातून लेकरे जगविली, ती करामत आम्ही का विसरावी? या वादात कोण बरोबर हे आम्ही सांगू शकत नाही. पण वाद होतो आहे, हेच आम्हांला महत्त्वाचे वाटते. त्या प्रवासाच्या पिढीजात आठवणी नवाहो लोकांनी स्वतःच्या महाविद्यालयातर्फे संकलित करून ग्रंथरूपाने छापल्या, त्या १९७३ मध्ये. शंभर वर्षे उलटून गेली होती; तरी छापल्या. १९७३ हे वर्ष आपल्याला कशासाठी आठवते, हे वर आलेच आहे.

या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवण्याचा उपयोग काय? एकटी परभणीची आजी मिलोची गोष्ट सांगते तेव्हा ती नशिबाची गोष्ट वाटते. पाऊस पडला नाही, देवाची करणी, दुष्काळात तेरावा महिना. ती ऐकून आपण हळहळतो आणि उठतो. पण तिच्या शेजारी कोरियन आजी बसविली आणि दिने आजी बसविली, की दिसू लागते की पाऊस हा गोष्टीचा अर्धाच भाग आहे. कोणाचे धान्य कोणी नेले, शिलकी धान्य कोणत्या देशाला कोणत्या अटीवर दिले, माणसाने काय खावे हे कोणी ठरविले, हा उरलेला अर्धा भाग तिघींच्याही गोष्टींत आहे. तिघींनाही न विचारता अन्न बदलले गेले. आणि तिघींनीही त्या परक्या पिठाशी झटून त्यातून काहीतरी केले. मिलोचे पीठ चिकट व्हावे म्हणून ते उकळत्या पाण्यात मळून पाहणारी, त्यात घरचे मूठभर पीठ मिसळणारी परभणीची बाई आणि रश्शात पिठाचे तुकडे सोडणारी कोरियन बाई यांची गाठ कधी पडली नाही. पण त्यांना एकमेकींचे हात ओळखता आले असते.

फरकही आहे, आणि तो लपविण्यात अर्थ नाही. दिने लोकांचा शिधा हा कैद्यांचा शिधा होता. कोरियाचे अन्न युद्धाने आणि परकीय सत्तेने हिरावले. महाराष्ट्रात १९७३ मध्ये निवडून आलेले सरकार होते, विरोधी पक्षांचे मोर्चे होते, काम मागण्याचा आवाज होता. त्यामुळे भीषण टंचाई असूनही १९४३ च्या बंगालसारखी माणसे मेली नाहीत. सुकडीची थट्टा करताना हेही ध्यानात असावे. तुटक्या भाकरीची लाज आणि पोरे वाचल्याचे समाधान ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत.

आतापर्यंत आम्ही 'आपली आजी' असे सरसकट लिहीत आलो. परंतु परभणीच्या एका गावातही आजी एक नसते. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत गेले. त्यातील वाट्या-चमच्यांच्या मापात ज्यांचे स्वयंपाकघर बसत नव्हते, त्यांच्या अन्नाची नोंद झाली ती पाककृतींच्या पुस्तकांतून नव्हे, दलित आत्मकथनांतून. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) आजी शेणातून निवडलेल्या दाण्यांची भाकरी करते, तो प्रसंग वाचलेल्या माणसाला विसरता येत नाही. बहात्तर साल काहींच्या घरी एकदाच आले. काहींच्या घरी ते दरवर्षी येत असे. मिलोची लाज ही ज्याला एरवी चांगली ज्वारी मिळे त्याची लाज. गावकीच्या भाकरीवर जगणाऱ्याला रेशनच्या रांगेत निदान सर्वांबरोबर उभे राहायला मिळाले, हेही कुणीतरी लिहून ठेवले पाहिजे.

शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातील महार-मांग घरांच्या स्वयंपाकाची अशी नोंद केली. सुप्रसिद्ध वचनाला एका 'अ'ने दिलेले हे उत्तर. मांस वाळवून केलेल्या चान्या, वाटणाशिवायची कालवणे, सणाला वाट्यास आलेल्या शिळ्या-पाक्याचे काय करायचे त्याची रीत, हे सारे त्यात पाककृती आणि इतिहास अशा दोन्ही रूपांत येते. त्याच वर्षी महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा विस्तारित कायदा लागू झाला, आणि त्यातील काही पाककृती त्या क्षणापासून केवळ आठवणीच्या झाल्या. २०२४ मध्ये त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध होऊन त्याची चर्चा दूरवर झाली. शेजारच्या घरात काय शिजते हे आपल्याला इंग्रजीतून कळावे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

शेजारच्या घरांचा उल्लेख आला म्हणून अंबाडीविषयी दोन शब्द. ज्वारीच्या शेताच्या कडेने अंबाडी लावायची. पानांची भाजी, फुलांची बोंडे, सालीचा दोर, असा तिचा उपयोग. मराठी घरात ती कण्या आणि शेंगदाणे घालून, वर लसणाची फोडणी देऊन खातात. परभणीच्या मुसलमान घरांत तीच 'अंबाडे की भाजी' होते आणि मटणातही जाते. गोदावरीच्या प्रवाहाबरोबर तेलंगणात उतरले की ती 'गोंगुरा' होते. जुन्या हैदराबाद संस्थानाच्या तीन भाषा या एका आंबट पानावर एकत्र येतात. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान विलीन झाले, त्या दिवसांच्या कटू आठवणी दोन्ही समाजांपाशी आहेत आणि त्या सहजी बोलल्या जात नाहीत. पण 'तुमच्याकडे अंबाडी कशी करीत?' असे विचारले तर दोन म्हाताऱ्या बोलू लागतात, आणि अंबाडीवरून बोलणे केव्हातरी त्या दिवसांवरही जाते. कोरियापर्यंत जाण्याआधी गल्लीच्या पलीकडे जाणे भाग आहे. आणि खरे सांगायचे तर तो प्रवास अधिक लांबचा आहे.

या गोष्टी जपण्याचे साधन परभणीपाशी नव्हते असे नाही. ते होते जाते. गंगाखेडची जनाबाई दळता-कांडता अभंग रचीत असे, अशी परंपरा सांगते. त्याच जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पहाटेच्या जात्यावर बाया ओव्या गात होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील ओव्याही त्यांत आहेत. दळणारीच्या हाताला जे धान्य येई, तिच्या ओठावर जे दुःख येई, ते एकाच वेळी जात्यातून बाहेर पडे. पिठाची गिरणी आली, पहाटेचे कष्ट वाचले, ते बरेच झाले. कोणत्याही बाईने जात्यासाठी अश्रू ढाळलेले आम्ही ऐकले नाहीत. पण गिरणीत रांग लावून पीठ मिळते, ओवी मिळत नाही. तेवढी उणीव दुसऱ्या कशाने तरी भरून काढायला हवी होती, ती काढली गेली नाही.

आज ज्वारीला पुन्हा प्रतिष्ठा आली आहे. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. परभणीच्या विद्यापीठाच्या सहभागातून २०१८ मध्ये लोह आणि जस्त अधिक असलेला 'परभणी शक्ती' हा वाण प्रसारित झाला. या गोष्टी अभिमानाच्या आहेत. मात्र त्याच परभणीत खरिपाच्या ज्वारीची जागा बव्हंशी सोयाबीनने घेतली आहे, रेशनवर वर्षानुवर्षे गहू-तांदूळ मिळत गेल्याने गरिबाच्या घरी भाकरीऐवजी पोळी-भात आला आहे, आणि शहरातील उपाहारगृहात भाकरी पोळीपेक्षा महाग झाली आहे. कोरियातही सातू घातलेला भात, जो एकेकाळी डब्याच्या तपासणीतला भात होता, आता आरोग्यासाठी हौसेने खाल्ला जातो. गरिबीचे अन्न श्रीमंतीचे झाले की त्याची चव राहते, गोष्ट गळून पडते. सामुदायिक किमची घालण्याच्या प्रथेला, म्हणजे किमजांगला, २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. सातूच्या खिंडीला अशी यादी नसते. मिलोलाही नसेल.

तिची यादी घरातच करावी लागेल. बहात्तरच्या वेळी वीस वर्षांची असलेली बाई आज सत्तरीच्या पुढे आहे. तिला 'तुमच्या काळातले पदार्थ सांगा' असे विचारले तर ती पुरणपोळी सांगते, कारण पाहुण्याला चांगले तेच सांगायचे असते. विचारायचे ते असे: लाल ज्वारीत तू काय मिसळीत होतीस? सुकडी कोण मोजून देई, आणि त्याचे माप कसे होते? घरात शेवटी कोण जेवे? तिला काय उरे? कामावर पाणी कोणाच्या हातचे चाले आणि कोणाच्या हातचे चालत नसे? या प्रश्नांची उत्तरे कुठल्याही दप्तरात नाहीत.

कोरियात म्हातारी माणसे भेटल्यावर 'जेवलात का?' असे विचारून ख्यालीखुशाली घेतात. परभणीतही हाच प्रश्न विचारण्याची रीत आहे. ज्या मुलखांनी रिकामी कणगी पाहिली आहे, त्या मुलखांत हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नसतो. आपण आजवर त्याला 'हो, झालं' एवढेच उत्तर देत आलो. आता उलट तिला विचारावे, की तू तेव्हा जेवली होतीस का. आणि ती काय सांगते ते, मध्ये न बोलता, ऐकून घ्यावे.